खांद्यावरचं कमरेवर

आमच्या कारखान्यात गाडी डोक्यावरून जाते. चाकं लागायच्या आधीची, पोट उघडं असलेली, हँगरला लटकलेली गाडी. तिच्याखाली माणसं उभी असतात. माना वर, हात वर. ब्रेकचे पाइप क्लिपांत दाबून बसवायचे, रबरी बुचं लावायची, सायलेन्सरच्या वरचा पत्रा बोल्ट आवळायच्या गनने बसवायचा, शेवटी प्लॅस्टिकचं अंडरकव्हर. एक गाडी पुढे सरकते तोवर मागची आलेली असते. या लाईनीला सगळे नुसतं ‘अंडरबॉडी’ म्हणतात आणि कुणाची बदली तिकडे झाली की त्याचा चेहरा पडतो.

चाकणच्या या कारखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे दुखरे खांदे येतात, त्यांतले बरेचसे अंडरबॉडीचे. माणूस येऊन म्हणतो, ‘मॅडम, या कुशीवर झोपता येत नाही.’ किंवा, ‘शर्ट काढताना कळ येते.’ कामावर दुखतं असं सहसा कुणी म्हणत नाही. कामावर हात गरम असतो. दुखणं घरी गेल्यावर, जेवून आडवं झाल्यावर उठतं.

रिकामा हात वर धरून ठेवणं हेच मुळात काम आहे, हे ऑफिसात बसणाऱ्याला पटवायला वेळ लागतो. माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, त्याच्या वजनाच्या साधारण 5 टक्के भरतो. 65 किलोच्या माणसाचा हात सव्वातीन किलोंचा. तो समोर आडवा धरला तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून 30 सेंटीमीटरच्या आसपास असतो. मुठीत दीड किलोची गन असेल तर ती त्याच्या दुप्पट अंतरावर. हिशेब करून पाहा: गन हाताच्या निम्म्याहूनही हलकी, पण खांद्यावरचा भार ती जवळजवळ दुप्पट करते. हा भार पेलणाऱ्या स्नायूंपैकी एक, सुप्रास्पायनेटस, खांद्यातल्या हाडांच्या अरुंद फटीतून जातो. हात वर गेला की फट आणखी आवळते. फोर्डने आपल्या कारखान्यांबद्दल दिलेला आकडा असा आहे की डोक्यावरच्या कामात काही कामगार दिवसाला सरासरी 4600 वेळा हात वर करतात. वर्षाचे जवळजवळ दहा लाख. आमच्याकडे कुणी मोजलेलं नाही. मोजायचं ठरवलं तर आधी समिती बसेल.

यावरचा खरा उपाय सोपा आहे, फक्त महाग आहे: माणसाला वर बघायला लावण्याऐवजी गाडीला वळवा. काही कारखान्यांत फिरते हँगर असतात. गाडी चक्क कुशीवर कलते आणि तिचं पोट कामगाराच्या छातीसमोर येतं. कामाच्या जागेची सुरक्षा शिकवताना पहिल्या धड्यातच हा क्रम सांगतात की आधी धोका काढा, नाही जमलं तर यंत्र बदला, मग कामाची पद्धत, आणि माणसाच्या अंगावर काही चढवायचं ते अगदी शेवटी. मीटिंगमध्ये मी हा क्रम मांडला. तो सगळ्यांना मान्य होता. पण चालू लाईनीचे हँगर बदलायचे म्हणजे लाईन बंद ठेवायची, आणि लाईन बंद हे शब्द त्या खोलीत उच्चारले की एसीसुद्धा थांबल्यासारखा वाटतो. तेव्हा शेवटचा उपाय सगळ्यांत आधी आला. खोक्यांतून.

खोक्यांतून निघालं ते असं: कमरेला रुंद पट्टा, पाठीमागून वर जाणारा एक दांडा, त्याला खांद्यांच्या मागे फुटलेल्या दोन फांद्या, आणि फांद्यांच्या टोकाला दंडाभोवती बांधायच्या गाद्या. कागदोपत्री नाव एक्सोस्केलेटन. लाईनीवर पहिल्याच दिवशी त्याचं ‘जॅकेट’ झालं. मुलांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पहिला प्रश्न आला, ‘याची बॅटरी कुठाय?’

बॅटरी नाही, मोटर नाही. आत स्प्रिंग आहे. हे ऐकून थोडी निराशा झाली, आणि ती साहजिक होती. सांगाडा घातला की माणूस रेडा उचलेल अशी अपेक्षा या विषयाला पहिल्यापासून चिकटलेली आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 1965 च्या सुमारास ‘हार्डिमन’ नावाचा असा सांगाडा बांधायला घेतला होता. त्याने 680 किलो उचलावेत असा बेत होता. काही वर्षांच्या खटपटीनंतर त्याचा एक हात तेवढा धड चालला. अख्खं यंत्र आत माणूस घालून कधी सुरूच केलं गेलं नाही. आत्ताचं जॅकेट त्या घराण्यातलं नाहीच. त्याचा पूर्वज आहे टेबलावरचा दिवा. इंग्लंडमधल्या बाथ शहरात जॉर्ज कार्वर्डाइन नावाचा मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारा इंजिनिअर होता. त्याने 1932 मध्ये स्प्रिंगांवर तोललेल्या हाताचं पेटंट घेतलं, त्यातून तो अँगलपॉइज दिवा आला, जो जिथे ठेवाल तिथे राहतो. पुढे 1970 च्या दशकात गॅरेट ब्राउन या कॅमेरामनने स्टेडीकॅम केला; तिथे स्प्रिंगांचा हात जड कॅमेरा तोलतो आणि ते ओझं अंगावरच्या जाकिटामार्फत धडावर येतं. त्याच तत्त्वाने कॅमेऱ्याऐवजी माणसाचा स्वतःचाच हात तोलायचा, एवढीच पुढची पायरी.

हे सगळं मी लाईनीवर सांगितलं नाही. तिथल्या सगळ्यांत जुन्या कामगाराने, ज्यांना सुपरवायझरही मामा म्हणतो, माझं काम हलकं केलं. त्यांनी डोक्यावर लटकलेल्या बॅलन्सरकडे बोट केलं. गन त्याच्यावर टांगलेली असते, खाली ओढली की येते, सोडली की आपली वर जाऊन थांबते. ‘तो गनला धरतो, हे आपल्याला धरणार. बरोबर का?’ अगदी बरोबर. फरक एवढाच की बॅलन्सर वरच्या गर्डरला बांधलेला असतो. जॅकेटला वर गर्डर नाही. त्याला धरायला माणसाची कंबरच आहे. हाताचं वजन नाहीसं होत नाही. दंडाच्या गादीतून फांदीत, फांदीतून पाठीच्या दांड्यात, दांड्यातून पट्ट्यात आणि पट्ट्यातून कमरेच्या हाडावर उतरतं. वर जॅकेटचं स्वतःचं वजन आहेच. ओटोबॉक ही 1919 मध्ये बर्लिनमध्ये, महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी सुरू झालेली जर्मन कंपनी. तिचं खांद्याचं जॅकेट 1.9 किलोंचं आहे. त्याहून जडही असतात. म्हणून जॅकेट ‘मदत करतं’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुणाला? खांद्याला करतं. कंबरेकडून घेऊन करतं. हा व्यवहार अंगावर कसा बसतो ते सगळं बसवण्यावर अवलंबून आहे, आणि बसवणं हे चार पट्टे ओढून बक्कल लावण्याइतकं सोपं नाही.

सुरुवात कंबरेपासून. ‘कंबर कुठे आहे?’ असं विचारलं तर पुरुषमाणूस पँटचा बेल्ट दाखवतो, आणि पँटचा बेल्ट चाळिशीनंतर पोटाच्या खाली कुठेतरी घसरलेला असतो. जॅकेटचा पट्टा तिथे बांधला तर भार हाडावर न येता मांसावर येतो, तासाभरात पट्टा सरकतो, आणि तो दोन बोटं सरकला की वरचं सगळं दोन बोटं खाली येतं. आम्हाला हवं असतं ते बाजूचं, वरचं, कमानदार हाड. ते शोधायला मी सरळ सांगते, विठोबासारखे उभे राहा. एकालाही दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. हात आपोआप बरोबर जागी जातात, तळव्याखाली हाड लागतं, पट्ट्याचा मध्य तिथे यायला हवा. ही सूचना जॅकेटबरोबर आलेल्या पुस्तिकेत नाही. बिहारहून आलेल्या मुलांना मात्र मला स्वतः उभं राहून दाखवावं लागलं.

मग पाठीचा दांडा. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका ठळक लागतो. तिथपासून कमरेच्या हाडापर्यंतचं अंतर मोजून दांड्याची खाच ठरवायची. पुस्तिका इथपर्यंत बरोबर आहे. पण ती लिहिणाऱ्याने बहुधा समोर बघणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. आमचा माणूस दिवसभर वर बघतो. मान मागे गेली की टोपीचा मागचा काठ दांड्याच्या टोकावर आपटतो. उभं राहून, समोर बघून, सगळं छान बसलंय असं वाटतं आणि लाईनीवर पहिल्या गाडीला टक् असा आवाज येतो. त्यामुळे मोजून झाल्यावर मी माणसाला वर बघायला लावते, मग डावीकडे वर, उजवीकडे वर, आणि दांडा एक खाच खाली घेते. एक खाच खाली घेतली की खांद्याचा सांधा थोडा खाली जातो. मग तिकडे पुन्हा बघायचं. या कामात एक गोष्ट हलवली आणि बाकीच्या जागच्या जागी राहिल्या असं कधी होत नाही.

खांद्याचा सांधा हा या सगळ्याचा गाभा, आणि तोच सगळ्यांत लबाड. जॅकेटची फांदी एका खिळ्याभोवती फिरते. तो खिळा माणसाच्या खांद्याच्या सांध्यासमोर आला पाहिजे, हे कुणालाही कळतं. पण माणसाचा खांदा खिळ्याभोवती फिरत नाही. हात वर जातो तेव्हा त्यातली साधारण दोन तृतीयांश हालचाल सांध्यात होते आणि एक तृतीयांश पाठीवरचं फऱ्याचं हाड फिरून होते. व्हर्न इन्मन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1944 मध्ये हे मांडलं, आणि आम्ही कॉलेजात ते घोकलेलं असतं. म्हणजे हात वर नेता नेता सांधा स्वतःच वर आणि आत सरकतो. खिळा तिथेच. हात खाली सोडून दोन्ही तंतोतंत जुळवले, तर हात वर गेल्यावर ते जुळत नाहीत, आणि तो फरक कातडीवर निघतो: दंडाची गादी वर-खाली घासते, खांद्याच्या टोकावर लाल रेघ उमटते. म्हणून जुळवायचं ते काम करतानाच्या हाताशी. मी हातात एक रिकामी गन देते, भिंतीवर उंच लावलेल्या खुणेवर धरायला सांगते आणि तशा हातावर खिळा बघते. हात खाली असताना थोडं वेडंवाकडं दिसलं तरी चालतं. खाली हात कुणी दिवसभर ठेवणार नाही.

दंडाच्या गादीबद्दल थोडक्यात: दंडाच्या मधोमध. कोपराकडे सरकली तर कोपराच्या आतल्या बाजूची नस दाबली जाते आणि करंगळीला मुंग्या येतात. काखेकडे गेली तर तिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. पट्टा इतका आवळायचा की खालून दोन बोटं जातील. एप्रिल-मे महिन्यांत घामाने ती जागची हलतेच. खोक्यातल्या गाद्यांवरचं कापड दिसायला झकास होतं आणि घाम आला की चिकटायचं. आम्ही चाकणच्या एका शिंप्याकडून सुती कव्हरं शिवून घेतली, ती रोज धुता येतात. दोन शिफ्टना एकच जॅकेट असेल तर हे चैनीचं नाही. दुसऱ्याच्या घामाने ओलं झालेलं काही कुणी अंगात घालणार नाही, आणि का घालावं?

आता स्प्रिंग. इथे जॅकेट बसवणारा आणि घालणारा यांची खरी गाठ पडते, कारण मोजपट्टीचं काम संपलेलं असतं. फोर्डने 2018 मध्ये सात देशांतल्या पंधरा कारखान्यांत नेलेलं एक्सोव्हेस्ट नावाचं असंच जॅकेट प्रत्येक हाताला सव्वादोन ते पावणेसात किलोंपर्यंत आधार देतं. आमचं वेगळ्या बनावटीचं असलं तरी पल्ला तसाच, आणि आधार कमी-जास्त करायला त्यावर आकडे आहेत. पहिल्या दिवशी प्रत्येक जण म्हणतो, ‘फुल्ल करा.’ फुकट मिळतंय तर कमी का घ्या? मी फुल्ल करून देते. हात आपोआप वर तरंगतात, हसू येतं, आजूबाजूचे टाळ्या पिटतात. मग मी म्हणते, आता खिशातून बोल्ट काढा.

बोल्ट काढायला हात खाली आणावा लागतो. स्प्रिंग तो खाली येऊ देत नाही. प्रत्येक बोल्टला स्प्रिंगशी झगडून हात खाली दाबायचा, म्हणजे खांद्याच्या पुढच्या स्नायूचं काम वाचवून पाठीच्या आणि दंडाच्या मागच्या स्नायूला लावलं. पंधरावीस बोल्टनंतर तोच माणूस म्हणतो, ‘जरा कमी करा.’ आधार बरोबर आहे याची माझी खूण अशी: हात कामाच्या उंचीवर नेऊन सैल सोडायला सांगायचा. तो किंचित खाली येऊन रेंगाळला तर बरोबर. स्वतःहून वर निघाला तर जास्त. धपकन पडला तर कमी. दोन्ही हातांना एकच आकडा लागेल असंही नाही. उजव्यात गन असते, डावा फक्त पत्रा टेकवून धरतो. शिवाय आधार कुठल्या कोनात सर्वांत जास्त असावा तेही बदलता येतं. उंच माणसाला गाडीचं पोट जवळ, बुटक्याला लांब. एकाच जागेवरच्या दोघांचे कोन वेगळे.

पण हे सगळं मला सांगणार कोण? ‘बरं वाटतंय का?’ असं विचारलं की एकच उत्तर येतं: ‘चालतंय, मॅडम.’ पट्टा हाडावर रुततोय, चालतंय. काखेत घासतंय, चालतंय. लातूर-बीडहून, बुलढाण्याहून आलेला कंत्राटी मुलगा, सात महिन्यांचं पत्र हातात, शेजारी सुपरवायझर उभा, तो दुसरं काय म्हणणार? कंपनीने आणलेल्या महागाच्या वस्तूला नाव ठेवणं त्याला परवडत नाही. मी आता बरं वाटतंय का हे विचारतच नाही. सुपरवायझरला चहाला पाठवते आणि विचारते, ‘सगळ्यात जास्त कुठे टोचतंय?’ टोचतंय हे धरूनच चालल्यावर माणूस बोलतो. बोट ठेवून दाखवतो. कधी शर्ट वर करून.

मामांनी मात्र पहिल्या दिवशीच तोंडावर सांगितलं की मला हे नको. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षं माझ्याकडे येतोय, जॅकेटची सर्वांत जास्त गरज त्यांना. पण मामा शिफ्ट सुटल्यावर खेडकडे शेतावर जातात. कांदा काढणीच्या दिवसांत त्यांच्या खांद्याची दुसरी पाळी तिथे लागते, आणि कंबर त्या पाळीतच गेलेली आहे. ‘खांद्याचं तुम्ही कमरेवर टाकणार. माझी कंबर आधीच कांद्याने खाल्लीय.’ यंत्राच्या बनावटीवरचं इतकं नेमकं मत मी कुठल्या तांत्रिक सादरीकरणात ऐकलेलं नाही. सेफ्टीवाल्यांना ते आडमुठेपण वाटलं. उत्तर अमेरिकेत टोयोटाच्या काही कारखान्यांत ठरावीक कामांना असं जॅकेट हेल्मेट-बुटांसारखं सक्तीचं केलं आहे, तसं इथे करावं असा एक सूर होताच. माझं म्हणणं उलट आहे. हेल्मेट कुणाच्याही डोक्यावर एकच काम करतं. हे तसं नाही. ज्याची कंबर गेलीय त्याला ते सक्तीने बांधणं हा इलाज नव्हे.

बायकांचा प्रश्न आणखी वेगळा. आमच्या दुसऱ्या एका लाईनीवर सगळ्या मुलीच आहेत, आयटीआय करून आलेल्या, आणि त्यांच्याकडे छताच्या आतल्या बाजूचं काम असतं, तेही हात वर करून. एक्सोव्हेस्ट पाच फुटांपासून सहा फूट चार इंचांपर्यंतच्या माणसांना बसतं असं सांगितलं जातं. जगाच्या त्या भागात ही मापं उदारच म्हणायची. पण भारतीय स्त्रीची सरासरी उंचीच 152 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. जिथे त्या जॅकेटचं सगळ्यांत छोटं माप संपतं, तिथे आमची सरासरी उभी आहे. निम्म्या मुली त्याच्याही खाली. आमच्याकडच्या जॅकेटची गतही फार वेगळी नाही. दांडा शेवटच्या खाचेवर आणला तरी खिळे खांद्याच्या वर जातात, फांद्या रुंद पडतात, आणि छातीवरचा आडवा पट्टा नको तिथे येतो. हे शेवटचं एकीनेही पुरुष सुपरवायझरला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं ते कॅन्टीनमध्ये, हात धुता धुता, ‘ताई’ म्हणून. आडव्या पट्ट्याऐवजी उलट्या व्ही आकाराचा पट्टा लावून काही जणींचं जमलं. बाकीच्यांना मी जॅकेट दिलं नाही. ‘त्यांना घालायचं नाही’ असा त्याचा अर्थ अहवालात लागू नये म्हणून मी स्वच्छ लिहिलं की जॅकेटला त्या बसत नाहीत असं नाही, जॅकेट त्यांना बसत नाही. खरेदी विभागाने छोट्या मापाची चौकशी केली आहे. उत्तर यायचंय.

दवाखान्यात आरशासमोर बसवलेलं जॅकेट आणि लाईनीवर चार तासांनंतरचं जॅकेट यांत पुष्कळ अंतर असतं. सकाळी रिकाम्या पोटी आवळलेला पट्टा नाश्त्याचे पोहे पोटात गेले की काचतो. दुपारी पट्ट्याची वीण थोडी सैल पडते. पहिल्या आठवड्यात मी लाईनीवरच उभी राहायचे आणि नुसती बघायचे: कोण मधूनच पट्टा वर ओढतो, कोण कोपर बाहेर फेकून चालतो, कोण सुटीच्या भोंग्याला सर्वांत आधी बक्कल काढतो. चालतंय म्हणणाऱ्याचे हात बोलतात. जॅकेट अंगातून स्वतःचं स्वतः, कुणाची मदत न घेता, पटकन निघालं पाहिजे, हा मी घातलेला पहिला नियम. संडासला जायला सोबती शोधावा लागला तर कुणी दुसऱ्या दिवशी ते घालणार नाही. बाजूने जाताना ट्रॉलीत फांदी अडकते, तेव्हा ट्रॉली हलवावी लागली. त्यासाठी वेगळी मीटिंग झाली, तिचं वर्णन नको.

प्रयोगशाळांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: असं जॅकेट घालून डोक्यावरचं काम केलं तर खांद्याच्या स्नायूंची मेहनत कमी होते, इलेक्ट्रोड लावून ती मोजता येते. वर्षानुवर्षं घालून खांद्याचा आजार टळतो का, याचं उत्तर द्यायला वर्षंच जावी लागतील. आमच्याकडचा अनुभव विचाराल तर काहींना खूप बरं आहे. एक जण म्हणाला, घरी गेल्यावर पोरीला उचलून घेता येतं. एवढं ऐकलं की मला आकडे नको असतात, पण व्यवस्थापनाला हवे असतात, आणि त्यांचा आकडा वेगळाच असतो. आढावा बैठकीत विचारलं गेलं, ‘मग सायकल टाइम किती खाली येईल?’ म्हणजे हात दमत नसतील तर गाडी जरा लवकर सरकवता येईल का?

प्रश्न विचारणारा दुष्ट माणूस नव्हता. त्याचं कामच ते. पण मी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. वाचलेली ताकद त्या माणसाची आहे; ती रात्री पोरीला उचलायची आहे किंवा कांदा भरायचा आहे किंवा नुसतं पडून राहायचं आहे. दर तासाला दोन गाड्या वाढवल्या तर जॅकेटने उचललेलं सगळं आपण परत त्याच्याच खांद्यावर ठेवू, आणि कमरेवरचं असेलच. टाइम तूर्त बदललेला नाही. ‘तूर्त’ हा शब्द इतिवृत्तात आहे.

सध्याचा वाद अ‍ॅलन कीचा आहे. आमच्या जॅकेटच्या स्प्रिंगचा आकडा बदलायला एक बारीक अ‍ॅलन की, म्हणजे वाकडा षटकोनी पाना, लागते. प्रत्येक कामगाराचं एक कार्ड केलं होतं: पट्टा कितव्या खुणेवर, दांडा कितव्या खाचेवर, डावा आकडा, उजवा आकडा. मी ठरवून, सही करून दिलेले आकडे. की सुपरवायझरच्या कपाटात. म्हणजे दुपारी तीन वाजता कुणाला एक आकडा कमी करावासा वाटला तर त्याने लाईन सोडून, कपाटापाशी जाऊन, कारण सांगून की मागायची. अर्थात कुणी मागायचं नाही. चालतंय. मी की लाईनीवरच, खांबाला साखळीने लटकवायला लावली आणि ती कशी फिरवायची ते सगळ्यांना शिकवलं. सेफ्टी ऑफिसरांचा आक्षेप असा की मग कार्डाला अर्थ काय, ऑडिटरने विचारलं तर बरोबर आकडा कुठला सांगायचा?

आता होतं असं: सकाळी आकडा एक असतो, नाश्त्यानंतर दुसरा, शेवटच्या दोन तासांत बहुतेक जण वाढवतात, आणि एक बहाद्दर आहे जो गुरुवारी, म्हणजे आमच्या सुटीच्या आदल्या दिवशी, दोन्ही हातांना फुल्ल करून ठेवतो, कारण विचारलं तर नुसता हसतो. मी शिफ्ट संपताना कार्डावर मिळाले तसे आकडे लिहून घेते. ते माझ्या सहीच्या आकड्यांशी क्वचितच जुळतात. मामा जॅकेट घालत नाहीत, पण नव्या मुलांचा पट्टा तेच बघून देतात, माझ्यापेक्षा भराभर, आणि विठोबा त्यांना दाखवावा लागत नाही. की मधूनमधून हरवते. मग स्टोअरमधून दुसरी आणायची. स्टोअरवाला सही मागतो आणि म्हणतो, मॅडम, तुमच्याकडे लोक अ‍ॅलन की खातात का?